मालक मीच, परमिशन मलाच नाही

काल माझ्याच कॉम्प्युटरने, मीच लिहिलेल्या फाइलबद्दल, मलाच तोंडावर सांगितलं, परमिशन डिनाइड. चार ओळींची स्क्रिप्ट हो, म्हणजे कॉम्प्युटरने ओळीने चालवायच्या चार कमांड! रिपोर्टच्या २१२ फोटोंच्या नावाला तारीख जोडायची, बस. हाताने बसलो असतो तर जेमतेम तासाभराचं काम, पण म्हटलं या वयात जरा शिकूया.

आणि नेमका तेव्हाच आमचा ट्रेनी चार्जर न्यायला आला. चार्जर मिळाला, तरी तो हातात धरून माझ्या खुर्चीमागे उभा.

"सर, परमिशन दिलीत का?"

"कुणाला?"

"फाइलला."

"अरे, फाइल माझी आहे!"

"तुमचीच आहे सर. पण वाचायची परमिशन वेगळी, लिहायची वेगळी, चालवायची वेगळी."

"बरं, मग अर्ज कुणाकडे करायचा?"

"तुमच्याकडेच सर. चमॉड प्लस एक्स, फाइल चालवायची परमिशन देणारी कमांड."

म्हणजे अर्जदार मी, मंजूर करणारा साहेब मी, आणि दारात अडवलेलाही मीच. केलं मंजूर. या वेळी नुसतं नाव टाइप केलं तर कमांड नॉट फाउंड. एलएस मारलं, म्हणजे फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागवली, की फाइल ढळढळीत समोर दिसतेय आणि हा म्हणतो सापडत नाही!

"आधी डॉट स्लॅश लावा सर, म्हणजे 'याच फोल्डरमधली'. शेल, म्हणजे तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्राम, फक्त पाथ नावाच्या यादीतल्या फोल्डरांत शोधतं, तुम्ही उभे आहात तिथे बघत नाही. नाहीतर उद्या कुणी एलएस नावाचीच खोटी फाइल इथे ठेवली तर?"

हे पटलं. पटलं म्हणून जास्त राग आला.

डॉट स्लॅश लावलं. आता बॅड इंटरप्रिटर, नो सच फाइल, आणि मध्येच एक टोपीवाला एम, जो मी टाइपच केलेला नाही. पोरगं वाकलं, स्क्रीनवर बोट टेकवलं (बोटाचा ठसा अजून आहे) आणि हळूच म्हणालं, "सर... विंडोजवर लिहिलंत?" सूर असा की सर, पिऊन आलात?

झालं होतं असं की विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी नव्या ओळीच्या खुणेआधी कॅरेज रिटर्न घालतं. टाइपरायटरचा गाडा मागे ढकलायची खूण ती, गाडा गेला भंगारात, खूण राहिली. टोपीवाला एम तो हाच. स्क्रिप्ट कुणी चालवायची ते पहिल्या ओळीत असतं, माझ्या फाइलीत बॅश नावाचं शेल; त्या नावाला ही खूण चिकटली आणि सिस्टिम त्या शेपटीवाल्या बॅशला शोधत बसली. मग तसं सांगा ना! फाइल नाही, फाइल नाही काय लावलंय? माणूस आपली फाइल पुन्हा पुन्हा बघत बसतो, आणि हरवलेलं असतं भलतंच. असे मेसेज लिहिणाऱ्याला एकदा त्याच्याच मेसेजवर काम करायला बसवलं पाहिजे.

असो. त्या खुणा काढल्या आणि चालली एकदाची! एक अक्षर न बोलता, पुढच्या कमांडची वाट बघणारा प्रॉम्प्ट परत. मी विजयी मुद्रेने मागे वळलो तर पोरगं फोल्डरकडे बघतंय.

फोल्डरमध्ये एक फोटो.

मी नव्या नावात डॉलर एफ (फोटोचं जुनं नाव), अंडरस्कोअर, डॉलर तारीख असं लिहिलं होतं; डॉलरपुढे येतं ते व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवलेलं नाव. शेलने अंडरस्कोअरही व्हेरिएबलच्या नावातच धरला, त्या नावाचं काही नव्हतंच, म्हणून गुपचूप रिकामं घेतलं. उरली नुसती तारीख. सगळ्या फोटोंना तेच एक नाव, आणि नाव बदलणाऱ्या एमव्ही कमांडने एकावर एक २११ फोटो पुसले. तेव्हा नाही कुणी परमिशन मागितली.

"बॅकअप असेलच ना सर?" एवढं विचारून तो चार्जर घेऊन गेला.