आरटीईचा नंबर सोडून द्या म्हणणाऱ्या ‘जागरूक पालका’स

‘गरीब पालकांनो, फसू नका!’ अशा मथळ्याचा, आरटीईतून म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून मिळालेली खासगी शाळेतली मोफत जागा सोडून द्या सांगणारा एक लांबलचक मेसेज घणसोलीपासून कळव्यापर्यंत ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी अर्धा वाचून पुढे सरकलो होतो. मग तो दाजींच्या मोबाइलवर पोचला आणि दाजींनी तो खरा मानला.

दाजी म्हणजे माझ्या चुलतबहिणीचे मिस्टर. एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत, घणसोली गावठाणात भाड्याच्या खोलीत राहतात. मुलीसाठी आरटीईचा अर्ज जातीच्या दाखल्यावर केलेला, म्हणून एक लाखाच्या उत्पन्नाची अट नव्हती. पण राहण्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार लागतो आणि घरमालक तो करून द्यायला तयार होईना. नोंदणीचा सगळा खर्च स्वतः करतो म्हटल्यावर तो कुठे सहीला आला. एवढं करून सोडतीत मुलीचा नंबर लागला, तोही चालत जाता येईल अशा इंग्रजी शाळेत. ताईने पेढे वाटले. आणि कागदपत्रं पडताळणी समितीकडे न्यायची तेव्हा दाजी म्हणतात, “नको. कोर्टाची भानगड आहे त्यात. उद्या फी अंगावर आली तर विकायला काय आहे आपल्याकडं?”

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आरटीईचे प्रवेश कोर्टात अडकलेत, कधीही रद्द होतील आणि मग शाळा आधीच्या वर्षांची फी पालकांवर केस करून वसूल करेल. या मुलांची फी खरं तर बाकीचे पालक भरतात. ऊठसूट याचिका करणाऱ्यांमुळे महापालिकेच्या शाळा बुडाल्या. आठवीनंतर मुलाला हाकलतात. आणि कोर्टात जाऊन जगात कुठेच गरीब शिकलेला नाही, अमेरिकेत काळ्यांनी मोठा खटला जिंकला, पुढे काय झालं? खाली सही ‘एक जागरूक पालक’.

आधी कोर्टाचं बघू, कारण माणसं घाबरतायत ती त्या एका वाक्याला.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. कलम 12(1)(सी) सांगतं की खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या वर्गात किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं होतं? राजस्थानातल्या खासगी शाळांची संघटना. 12 एप्रिल 2012 ला न्यायालयाने कायदा उचलून धरला, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेवढ्या वगळल्या. तेव्हा ‘ऊठसूट कोर्टात जाणारे’ हे बिरुद कुणाच्या गळ्यात घालायचं ते जागरूक पालकांनी एकदा ठरवावं.

पुढची गोष्ट आपल्या राज्यातली. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला 25 टक्क्यांतून सूट. कागदावर हे निरुपद्रवी दिसतं. पण घणसोली, कोपरखैरणे, नौपाडा, कळवा, कुठेही एक किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा, महापालिकेची किंवा अनुदानित शाळा त्यात बहुतेक सापडतेच. शहरात या नियमाचा अर्थ एवढाच की 25 टक्के संपले. त्या एप्रिलमध्ये पालकांनी पोर्टल उघडलं तर यादीत महापालिकेच्या आणि अनुदानित शाळा. जिथे सरळ जाऊन नाव घालता येतं, तिथे जाण्यासाठी ऑनलाइन अर्ज, दाखले आणि सोडत! अर्ज फारसे आले नाहीत यात नवल काय?

मग पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. 6 मे 2024 ला नियमाला स्थगिती मिळाली, अर्ज नव्याने मागवले गेले आणि लाखभर जागांसाठी दोन लाखांहून जास्त अर्ज आले. 19 जुलैला मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो नियमच रद्द केला. कारण साधं होतं. संसदेने केलेला कायदा 25 टक्के द्या म्हणतो, तर त्या कायद्याखाली केलेल्या नियमाने सरकारला ते काढून घेता येत नाहीत. शेजारी सरकारी शाळा असो वा नसो, खासगी शाळेवरची जबाबदारी सुटत नाही. खासगी शाळांची संघटना यावर सर्वोच्च न्यायालयात गेली, ऑगस्टमध्ये तिथूनही हात हलवत परत आली.

तर ‘अडकलंय’ ते हे. याचा निकाल कधीच लागलाय आणि तो दाजींच्या मुलीच्या बाजूने लागलाय. जागरूक पालकांना 2024 च्या फेब्रुवारीतली बातमी सापडली, जुलैची सापडली नाही.

बरं, त्याच निकालातली आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी ते मे या काळात काही शाळांनी राखीव जागांवर फी भरणारी मुलं घेऊन टाकली होती. ज्या नियमाच्या आधाराने घेतली तो नियम घटनाबाह्य ठरला, तरी न्यायालयाने त्या मुलांचे प्रवेश हलवले नाहीत. शाळांना सांगितलं की 25 टक्के भरा, त्यासाठी जागा वाढवाव्या लागल्या तर वाढवा. चुकीच्या नियमाखाली आत आलेल्या मुलालाही जे न्यायालय वर्गाबाहेर काढत नाही, ते कायद्याने आलेल्या मुलीला काढेल? शिवाय कलम 16 आहे, आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. आणि फीची वसुली पालकांकडून? शाळेला पैसे राज्याने द्यायचे, असं कलम 12(2) म्हणतं. पालकाकडून मागची फी वसूल करायचं कलम अख्ख्या कायद्यात नाही. खोटे दाखले दिले तर प्रवेश रद्द होतो, गुन्हाही दाखल होऊ शकतो. ही भीती बहुधा तिथून उचलून खऱ्या दाखलेवाल्यांवर फेकलेली दिसते.

एक मान्य करतो. कोर्ट संथ चालतं. त्या वर्षी सोडत जूनमध्ये निघाली, पण निकाल येईपर्यंत यादी दाबून ठेवावी लागली. शाळा जूनमध्ये भरल्या आणि ही मुलं जुलै संपता संपता वर्गात गेली. पहिलीतल्या पोरासाठी हे थोडं नुकसान नाही. पण तो उशीर याचिका करणाऱ्यांच्या नावावर लिहायचा, की प्रवेशाच्या तोंडावर नियम बदलणाऱ्यांच्या?

दाजींचे कागद मुदतवाढ मिळाली म्हणून जमा झाले. त्यांच्याच चाळीतल्या एका बाईने मात्र मेसेज वाचून तारीख जाऊ दिली. जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला गेली. तिचा मुलगा आता दोन गल्ल्या सोडून असलेल्या एका शाळेत जातो, महिन्याच्या महिन्याला फी भरून. हे कुणी केलं? कोर्टाने नाही, सरकारने नाही, सकाळी चहा पिता पिता ‘फॉरवर्ड’ दाबणाऱ्या कुणीतरी केलं.

आता ‘फी बाकीचे पालक भरतात’. महाराष्ट्रात राज्य सरकार एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये देतं असं ठरलेलं आहे. कोरोनाच्या काळात तेही 8,000 वर आणलं होतं. घोडबंदर रोडवरच्या शाळांची फी बघता ही रक्कम तोकडी आहे, आणि तीही वेळेवर येत नाही. शाळांची थकबाकी खरी आहे, त्यांची ओरड खरी आहे, हे नाइलाजाने का होईना म्हणावंच लागतं. पण मग भांडा सरकारशी. सहा वर्षांच्या पोरीशी काय भांडताय?

आणि नवी मुंबईकरांनी तर या मुद्द्यावर जरा जपूनच बोलावं. इथल्या कितीतरी शाळा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने सवलतीच्या दरात दिलेल्या भूखंडांवर उभ्या आहेत. सिडकोकडे ती जमीन आली 95 गावांच्या शेतकऱ्यांकडून, आणि तिच्या मोबदल्यासाठी 1984 च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले. कायदाही हे विसरलेला नाही: स्वस्तात जमीन घेताना शाळेने काही मुलं मोफत शिकवायचं कबूल केलं असेल, तर तेवढ्या मुलांपुरती सरकारकडून भरपाईही मागता येत नाही. कोण कुणाच्या जिवावर शिकतंय याचा हिशेब मांडायचाच तर सातबाऱ्यापासून मांडा.

महापालिकेच्या शाळा याचिकांनी बुडाल्या, यावर मला खरं तर हसूच आलं. त्या शाळांची पटसंख्या घसरली हे कुणी नाकारत नाही. खासगीला पैसे देण्याऐवजी तेच पैसे आपल्या शाळांत घाला, हा युक्तिवादही मला अर्धाअधिक पटतो. पण एक किलोमीटरचा नियम करताना सरकारने शेजारच्या शाळेत एक शिक्षक वाढवला होता का? फक्त खासगीचं दार बंद केलं आणि त्याला सरकारी शाळा वाचवणं म्हटलं.

उलट त्या शाळांत जे थोडंबहुत टिकलंय, त्यातलं एक तर कोर्टानेच आणलेलं आहे. नव्वदीत शाळेत शिकलेल्यांना तीन किलो तांदूळ आठवत असतील. 80 टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो, रांगेत पिशवी घेऊन उभं राहायचं. तांदूळ घरी जायचा, पोर दुपारी उपाशीच. मग 2001 मध्ये राजस्थानात भूकबळी जात असताना अन्न महामंडळाची गोदामं भरून वाहत होती, आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 28 नोव्हेंबर 2001 चा आदेश वाचण्यासारखा आहे: प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलं अन्न, वर्षाला किमान 200 दिवस, ताटात किमान 300 कॅलरी आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं. आज महापालिकेच्या शाळेत दुपारी जी खिचडी मिळते ती या याचिकेची. ‘याचिकांनी काय दिलं’ विचारणाऱ्याने मधल्या सुट्टीत एकदा तिथे जाऊन यावं.

अमेरिकेबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त चिडचिड होते. 1954 च्या ब्राउन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. दहा वर्षांनी दक्षिणेत काय स्थिती होती? शंभर कृष्णवर्णीय मुलांतलं जेमतेम एखाददुसरं गोऱ्या मुलांबरोबर शिकत होतं. पण का, ते मेसेज सांगत नाही. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) बघा. तिथे 1951 मध्ये बार्बरा जॉन्स नावाच्या 16 वर्षांच्या मुलीने डांबरकागदाच्या शेडमध्ये भरणाऱ्या वर्गांविरुद्ध शाळेत संप घडवला, त्यातून उभा राहिलेला खटला ब्राउन निकालात सामील झाला. हरल्यावर काउंटीने काय केलं? 1959 मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं, गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, आणि पाच वर्षं कृष्णवर्णीय मुलांना सरकारी शाळाच नव्हती. ते कुलूप 1964 मध्ये पुन्हा कोर्टानेच उघडायला लावलं. निकालानंतर पळवाट शोधली जाते हे खरंच, आपल्याकडे त्या पळवाटेची लांबी एक किलोमीटर होती.

पैशाच्या विषमतेवरचे खटलेही तिथे झाले. 1973 मध्ये टेक्सासच्या गरीब वस्तीतले पालक सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरले. मग लोक राज्यांच्या न्यायालयांत गेले आणि बऱ्याच राज्यांत जिंकले. खुद्द टेक्सासमध्ये 1989 साली. त्या निकालांमुळे ज्या जिल्ह्यांत शाळांवरचा खर्च वाढला, तिथल्या मुलांचं पुढे काय झालं हे जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या अर्थशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलं. शाळेच्या बाराही वर्षांत खर्च 10 टक्के जास्त राहिला, तर गरीब घरातल्या मुलांची मोठेपणीची कमाई जवळपास 10 टक्क्यांनी वाढलेली आढळली. ‘पुढे काय झालं?’ याचं उत्तर हे.

राहिली आठवी. हो, मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीला शाळा पूर्ण फी मागू शकते, आणि बरेच पालक तिथे अडखळतात. कायदा अपुरा आहे, बदलायला हवा. पण नववीची फी झेपणार नाही म्हणून पहिलीची जागा सोडायची हा सल्ला कुठल्या बुद्धीने दिलाय कळत नाही. तोवर मूल आठ वर्षं शिकलेलं असेल, आणि नववीला अनुदानित शाळेत नाव घालायला कुणी अडवलेलं नाही.

शाळेत गेल्यावर त्रास होणारच नाही असं मी दाजींना सांगितलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात ‘अ‍ॅक्टिव्हिटी’च्या नावाखाली पैसे मागितले गेले. शाळेच्या जाहीर फीखेरीज देणगी किंवा वर्गणी घेणं कलम 13 ने बंद केलंय, त्याला रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. तोंडी वाद घालत बसू नका. ज्या कागदावर किंवा मेसेजवर पैसे मागितले तो जपून ठेवा, महापालिकेच्या शिक्षण विभागात लेखी तक्रार द्या, आणि झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. उद्या उच्च न्यायालयात जायची वेळ आली, तर वकील सगळ्यात आधी तीच पोच मागतो.