साधं मलम मोकळं करा, मिश्रण कुलपात ठेवा

डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कोणती औषधं विकू द्यावीत, हा वाद आपल्याकडे अधूनमधून डोकं वर काढतो. मे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा १६ औषधांची यादी मसुदा म्हणून प्रसिद्ध केली होती. त्यात ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल होती, कॅलामाइन लोशन होतं, चोंदलेल्या नाकाचे थेंब होते, आणि गजकर्णावरचं क्लोट्रिमाझोलचं मलम आणि पावडरही होती. एक बाजू म्हणते, लोक आधीच मनाला येईल ते औषध घेतात, त्यात ही सूट कशाला? दुसरी म्हणते, खेड्यात डॉक्टर आहे कुठे, साध्या खाजेसाठी माणसाने तालुक्याला जायचं का? परदेशातले आपले लोकही या वादात उतरतात आणि दोन्ही टोकांना उभे राहतात. काहींच्या मते परदेशात कायदा कडक आहे म्हणून सगळं शिस्तीत चालतं. काहींच्या मते आपला देशच बरा, सकाळी खाज सुटली तर संध्याकाळी औषध हातात.

मी पुण्यात बी. फार्म. केलं आणि आता इंग्लंडमध्ये, लेस्टरला, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. बेलग्रेव्ह रोडच्या आसपासची बरीच भारतीय वस्ती आमच्याकडे येते. काउंटरच्या या बाजूने पाहताना मला वाटतं की क्लोट्रिमाझोल मोकळं करायला काहीच हरकत नाही. इथे ते मोकळंच आहे, आणि त्याने कोणाचं वाटोळं झालेलं नाही. आपल्या लोकांच्या कातडीचं नुकसान करते ती भारतातल्या दुकानात त्याच्या शेजारच्या कप्प्यात असलेली दुसरी ट्यूब.

ती ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचावीत. क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. पहिलं अतिशय जहाल स्टेरॉइड, दुसरं जिवाणूंवरचं, तिसरं अमीबासारख्या परजीवींवरचं, आणि चौथं बुरशीवरचं. गजकर्ण बुरशीनेच होतं. म्हणजे चारांतलं एकच औषध कामाचं, पण रुग्णाला पहिल्या दोन दिवसांत जो आराम पडतो तो स्टेरॉइडमुळे. बुरशीला हटवायला शरीर त्या जागी जी आग पेटवतं, तीच खाज आणि तोच लालपणा. स्टेरॉइड त्या आगीवर राख लोटतं. खाज थांबते, गोल कड पुसट होते, माणूस खूश होतो, आणि अडवणारं कोणी नसल्यामुळे बुरशी खाली पसरत राहते. मलम थांबवलं की दुपटीने उसळते. मग पुन्हा तीच ट्यूब. जांघेतली आणि काखेतली कातडी आधीच पातळ, तिथे महिनोन्‌महिने हे चाललं की बाळंतपणानंतर पोटावर येतात तसे चरे उमटतात. ते मग जन्माचे.

हे ज्ञान नवं नाही. स्टेरॉइडने रूप पालटलेल्या गजकर्णाचं वर्णन आइव्ह आणि मार्क्स या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९६८ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केलं होतं. त्यांनी त्याला ‘टिनिया इनकॉग्निटो’ म्हटलं. नवी आहे ती बुरशी.

गेल्या दहा-बारा वर्षांत भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना जाणवू लागलं की गजकर्ण पूर्वीसारखं वागत नाही. दोन-तीन आठवड्यांत जाणारा आजार महिने काढतो, सगळ्या घराला होतो, चेहऱ्यावरही चढतो. बडोद्याचे डॉ. श्याम वर्मा आणि त्यांचे सहकारी २०१७ पासून ही साथ आहे असं जाहीरपणे लिहीत आले. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांतून ही बुरशी वेगळी ओळखली आणि तिला नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. टर्बिनाफिन हे गजकर्णावरचं हुकमी औषध. बुरशीच्या पेशीचं आवरण तयार करणारं स्क्वालीन इपॉक्सिडेझ नावाचं एक एन्झाइम आहे, त्याला ते बांधून टाकतं. नव्या बुरशीच्या कित्येक वाणांत नेमका त्या एन्झाइमचा जनुक बदललेला आहे, त्यामुळे औषधाला पकडच मिळत नाही. मग इट्राकोनाझोलच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे घ्याव्या लागतात. ज्याचं हृदय कमजोर आहे किंवा जो इतर औषधं घेतो, त्याला त्या जपूनच द्याव्या लागतात. ही बुरशी अशी का माजली याचा शोध घेणाऱ्या तज्ज्ञांचं बोट पुन्हा पुन्हा या मिश्रणांकडे जातं: अर्धवट मारलेली बुरशी, दबलेली प्रतिकारशक्ती, आणि वर्षभर घरात पडून असलेली ट्यूब.

मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, न्यूयॉर्कमधले या बुरशीचे पहिले दोन रुग्ण नोंदवले. दोघी स्त्रिया. एकीला बांगलादेशात असताना चट्टे आले होते, तिथे तिने बुरशीवरची आणि स्टेरॉइडची मलमं लावली होती. दुसरी मात्र अलीकडे परदेशी गेलेलीच नव्हती. तिच्यावर टर्बिनाफिन चाललं नाही, चार आठवडे इट्राकोनाझोल घेतल्यावर ती बरी झाली. याचा अर्थ बुरशी तिथे आपली आपण पसरू लागली असावी. इंग्लंडमध्येही ब्रिस्टलच्या राष्ट्रीय बुरशी प्रयोगशाळेकडे येणाऱ्या नमुन्यांत तिचं प्रमाण वाढत गेलं आहे. हिला ओळखणंही सोपं नाही. नेहमीच्या पद्धतीने प्रयोगशाळेत वाढवली तर ती जुन्या भावंडांसारखीच दिसते. खात्री करायची तर डीएनएचा ठरावीक तुकडा वाचावा लागतो, आणि ती सोय इथल्याही प्रत्येक इस्पितळात नाही.

आमच्या काउंटरवर ही गोष्ट एका माणसाच्या रूपात येते. मागच्या हिवाळ्यात एक मुलगा आला, गोदामात रात्रपाळी करणारा, आपल्याकडचा. दाबून दाबून चपटी झालेली ट्यूब त्याने पुढे केली.

“ताई, हीच द्या ना. इथं कुठंच मिळेना.”

“कुणी दिली होती?”

“गावाकडं मेडिकलवाल्यानं. दोन दिवसांत खाज बंद.”

“आणि थांबवल्यावर?”

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, “आता खोलीतल्या दोघांनाबी झालंय.”

मी त्याला ती ट्यूब दिली नाही, देऊ शकतही नव्हते. इथे बुरशीवरचं औषध आणि सौम्य स्टेरॉइड यांचं एक मिश्रण फार्मासिस्ट विकू शकतो हे खरं, पण त्यातलं स्टेरॉइड म्हणजे एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन, सर्वांत खालच्या पायरीवरचं, आणि तेही सात दिवसांच्या वर नाही. नुसतं हायड्रोकॉर्टिसोन घ्यायचं तरी चेहऱ्यावर आणि गुप्तांगाच्या भागात लावायला मी देत नाही, कारण परवानगी नाही. क्लोबेटासॉल चिठ्ठीशिवाय कोणत्याही परिस्थितीत नाही. त्याच्याशी मी पंधरा मिनिटं बोलले. टॉवेल वेगळे करा, कपडे गरम पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका, तिघांनीही एकाच वेळी उपचार घ्या. आणि त्याला जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, पाठवलं.

इथून पुढे इंग्लंडची बाजू लंगडी पडते, आणि हे मला इकडच्या शिस्तीचं कौतुक करणाऱ्यांना सांगायचं आहे. जीपीची वेळ मिळायला दिवस गेले. नर्सने बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेची साल खरवडली आणि काळ्या कागदाच्या घडीत जमा केली. काळा अशासाठी, की पांढुरके कण त्यावर दिसावेत. ती घडी टपालाने प्रयोगशाळेत जाते आणि बुरशी वाढून उत्तर यायला दोन-तीन आठवडे सहज जातात. त्वचारोगतज्ज्ञांची वेळ हवी असेल तर महिने. आपल्याकडे ससूनच्या किंवा केईएमच्या ओपीडीत तीच साल काचपट्टीवर घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि थोड्याच वेळात डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बुरशीचे धागे पाहून मोकळे होतात. गजकर्ण ओळखण्यात आपले डॉक्टर इकडच्यांपेक्षा कितीतरी तरबेज आहेत. सावळ्या कातडीवर चट्टा लाल दिसत नाही, तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो. इकडची पाठ्यपुस्तकं गोऱ्या कातडीच्या चित्रांनी भरलेली. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत असताना मालोन मुकवेंडे या विद्यार्थ्याने २०२० मध्ये काळ्या-सावळ्या कातडीवर रोग कसे दिसतात याची पुस्तिका काढली, तेव्हा कुठे यावर मोठ्याने बोलणं सुरू झालं. गजकर्णाला एक्झिमा समजून इकडच्या डॉक्टरनेच स्टेरॉइड लिहून दिल्याच्या चिठ्ठ्याही माझ्या हातात आल्या आहेत. बेकायदा धंदाही इथे आहे. गोरं करण्याच्या नावाखाली क्लोबेटासॉलची मलमं विकणाऱ्या लंडनच्या दुकानदारांवर खटले झालेले आहेत.

तेव्हा इकडे सगळं छान आणि तिकडे सगळं बेबंद, हे चित्र खोटं आहे. फरक एकाच जागी आहे, आणि ती जागा म्हणजे काउंटर.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडची लावायची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ औषध-मिश्रणांवर बंदी घातली, कंपन्या कोर्टात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने स्टेरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध वेगळं कार्यदलच स्थापन केलं. ते उगाच नव्हतं. देशभरातल्या केंद्रांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. बरेचसे गोरेपणासाठी किंवा मुरमांसाठी. एवढं सगळं होऊनही गावातल्या मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब’ मागितली तर काय हातात पडतं, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

मेडिकलवाल्याला शिव्या घालून हे सुटणार नाही. माझ्या वर्गातली मुलंमुली तिकडे दुकानं चालवतात, ती माझ्याइतकीच शिकलेली आहेत. मी “नाही” म्हटलं तर माझा पगार कापला जात नाही, उलट “हो” म्हटलं तर माझी नोंदणी धोक्यात येते. तिकडे “नाही” म्हटलं की गिऱ्हाईक चार पावलांवरच्या दुकानात जातं आणि पुन्हा येत नाही. कित्येक ठिकाणी फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर असतं आणि काउंटरवर बारावी झालेला मुलगा. फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या नियमांनी रुग्णाला सल्ला देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं कर्तव्य ठरवलं आहे, पण त्या सल्ल्याला वेळही नाही, मोबदलाही नाही. आणि रुग्णाचंही गणित समजण्यासारखं आहे. ट्यूब शंभराच्या आतबाहेर. तज्ज्ञाची फी तिच्या कितीतरी पट, वर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. भाताच्या खाचरात दिवसभर ओल्या कपड्यांत उभ्या असलेल्या बाईला “आधी डॉक्टरला दाखव” एवढंच सांगून घरी पाठवणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला त्याच काउंटरवर, त्याच दिवशी, चांगलं काहीतरी मिळालं पाहिजे.

म्हणूनच साधं क्लोट्रिमाझोल मोकळं करणं मला गरजेचं वाटतं. फार्मासिस्टकडे द्यायला सुरक्षित ट्यूब असेल तर त्याला वाईट ट्यूब नाकारता येईल. लहान, ताज्या चट्ट्यावर ते लावून पाहावं, कडेच्या बाहेर दोन बोटं चांगल्या कातडीवरही लावावं, आणि खाज गेली म्हणून लगेच थांबवू नये. दोन-तीन आठवड्यांत फरक नाही, चट्टा पसरतोय, किंवा घरात दुसऱ्याला झालं, तर डॉक्टर. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात.

आणि जहाल स्टेरॉइड असलेली मिश्रणं शेड्यूल एचमधून उचलून एच-वनमध्ये टाकावीत. मार्च २०१४ पासून ४६ औषधांसाठी, मुख्यतः भारी अँटिबायोटिक्स आणि क्षयाच्या औषधांसाठी, ही व्यवस्था लागू झाली. त्यात दुकानदाराला वेगळी वही ठेवावी लागते: कोणत्या डॉक्टरने लिहिलं, कोणाला दिलं, किती दिलं. ती वही तीन वर्षं जपावी लागते. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाला मग खरेदीची बिलं आणि वही समोरासमोर ठेवून पाहता येईल. आज शेकड्यांनी ट्यूब येतात आणि कुठे जातात याचा हिशेबच कोणी मागत नाही. मागितला, तर निदान मोठ्या दुकानांना हात आखडावा लागेल.

परदेशी निघालेल्या मुलांच्या आयांना माझं एक सांगणं आहे. बॅग भरताना मलमांच्या ट्यूब उलट्या करून पाहा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, हॅलोबेटासॉल यांतलं काहीही लिहिलेलं असेल आणि ती डॉक्टरने त्याच मुलासाठी, त्याच आजारासाठी दिलेली नसेल, तर बाहेर काढा. त्या जागी दोन सुती टॉवेल आणि सुती अंतर्वस्त्रांचे जास्तीचे जोड घाला, कारण इकडच्या थंडीत भाड्याच्या खोलीत रेडिएटरवरही कपडे धड वाळत नाहीत. आधीपासून चट्टा असेल तर निघण्यापूर्वी तिकडच्याच त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, साल तपासून घ्या, आणि कोणत्या गोळ्या किती आठवडे घेतल्या त्याची चिठ्ठी सोबत द्या. इकडच्या जीपीला ती चिठ्ठी दाखवली की टर्बिनाफिनवर वाया जाणारे आठवडे तरी वाचतात.