पोटऱ्या पाहून पैलवान ठरवणाऱ्यांनो!

कुस्तीच्या या सांगलीत माझ्या मुलाच्या फुगलेल्या पोटऱ्या पाहून ‘तालमीत घाला की याला!’ असे सांगणाऱ्यांना किती वेळा कोपरापासून नमस्कार करावा? माझ्या मुलाला ड्युशेन हा जनुकातील दोषामुळे होणारा स्नायूंचा आजार आहे; त्यात स्नायू टिकवून ठेवणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन जवळजवळ तयारच होत नाही, स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते, म्हणून त्या पोटऱ्या भरदार दिसतात. पण जमिनीवरून उठताना हा ‘पैलवान’ गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत कसाबसा उभा राहतो, ते कोणालाच दिसत नाही काय? वर बैठका मारायला लावा, खारीक-बदाम चारा, हळदीचे दूध पाजा! (हळदीने जनुक दुरुस्त होत असते, तर आम्ही मार्केट यार्डातच बिऱ्हाड केले असते.) अतिश्रमाने हे स्नायू अधिकच खराब होतात, असे सांगावे, तर उत्तर तयार असते, ‘आईनेच लाडावून ठेवलाय.’