‘चित्रात कोण आहे याने काय फरक पडतो?’ पडतो, आणि बराच पडतो

सोलापुरात मानसिक आरोग्याच्या पोस्टरचा विषय निघाला की एक मजकूर फिरतो: ‘आजाराला रंग नसतो, स्त्री-पुरुष नसतो. चिंताविकाराच्या चित्रात गोरी मुलगी डोकं धरून बसली काय, आणखी कुणी बसलं काय, समजायचं ते समजतं.’

आजाराला रंग नसेल, जाहिरातींना होता. अमेरिकेत १९७० च्या सुमारास व्हॅलियम या चिंतेवरच्या गोळीच्या जाहिरातींत दिसायची ती बहुतेक गोरी, मध्यमवर्गीय बाई. बिचारी, आधाराची गरज असलेली. १९७४ मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या नियतकालिकात हॅल्डॉल या स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरच्या औषधाची जाहिरात आली, तिच्यात मूठ उगारलेला काळा पुरुष. औषधं वेगळी, आजारही वेगळे. पण डॉक्टरांच्या नजरेसमोरून जात होतं ते हेच: तिची अस्वस्थता म्हणजे दुखणं, त्याची म्हणजे धोका.

‘हा बायकांचाच आजार.’ बायकांत चिंताविकाराचं प्रमाण साधारण दुप्पट आहे, खरं. म्हणजे तीन रुग्णांत एक पुरुष, आणि पोस्टरवर तो कुठेच नाही. अक्कलकोट रोडचा यंत्रमाग कामगार चिंता वाटते असं म्हणत नाही. ‘छातीत धडधडतंय, गॅस वर चढतोय’ म्हणतो. ईसीजी काढतात (तो काढलाच पाहिजे), नॉर्मल येतो, गडी पुन्हा मागावर. मग घरी चिडचिड, झोप उडालेली, संध्याकाळी दारू; ती उतरताना धडधड आणखी वाढते. चिडचिड, आखडलेले स्नायू आणि मोडलेली झोप ही तिन्ही सहा महिने टिकणाऱ्या चिंताविकाराच्या निदानयादीत आहेत. पण चिडलेला माणूस दिसला की लोक त्याला तापट म्हणतात, आजारी नाही.

बायकांतही सगळ्या कुठे दिसतात? विडी वळणारीच्या मांडीवर सूप, हातात पान नि कात्री. डोकं धरायला हात मोकळा नाही. ती म्हणते, ‘हातपाय गळतात, जीव घाबरतो.’

‘डोकं धरलं की कळतं.’ कळते ती डोकेदुखी. चिंतेचा झटका आला की माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात. काही मिनिटांत हे टोकाला जातं. गोऱ्या चेहऱ्यावरचा लालपणा किंवा फिकटपणा सावळ्या कातडीवर चटकन दिसत नाही; म्हणून वर ओढलेले खांदे, घामेजलेला तळवा, बोटं झटकणं दाखवा.

‘गोरा चेहराच फ्लेक्सवर उठतो.’ हा दोष फोटो काढण्याचा. पांढऱ्या भिंतीपुढे कॅमेरा उजेड कमी करतो, चेहरा काळाठिक्कर येतो. मध्यम रंगाची भिंत घ्या, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, उजेडाचं माप चेहऱ्यावर घ्या. फ्लेक्सवाल्याला ‘चेहरा उजळू नका’ असं बजावून सांगा, नाहीतर तो सवयीने उजळतोच. पूर्ण बॅनरआधी चेहऱ्याचा तुकडा छापून उन्हात बघा. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोठ्या आकड्यांत हवा.

उपचार घेणाऱ्या रुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तशी मनाई आहे. नाटकमंडळींतलं कुणीतरी बसवा आणि कोपऱ्यात ‘छायाचित्रात कलाकार’ असं छापा.