घुंगरं बंद करा

एप्रिल लागला, सोलापुरात पारा ४२ च्या पुढं सरकला, की माझा फोन वाजतो. "मालक, दुकानातच आहात ना? निघालोय आम्ही." रसवंतीवाला एप्रिलात भर दुपारी दुकानात नसेल तर काय महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी खात बसला असेल?

फोन टीव्हीवाल्यांचा असतो. पावसाळ्यात त्यांना तुंबलेला रस्ता लागतो, निवडणुकीत पारावरचे म्हातारे लागतात आणि उन्हाळ्यात मी लागतो. दुचाकीवरून दोघं उतरतात. एकाच्या पाठीवर कॅमेऱ्याचं बोचकं, दुसऱ्याच्या हातात चॅनलचा ठोकळा लावलेला माइक. दोघांना आधी एकेक फुल ग्लास. त्याचे पैसे ते देत नाहीत, मी मागत नाही. ग्लास खाली ठेवला की प्रतिनिधीचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मालक, ती घुंगरं जरा बंद करा. आवाज खराब होतोय."

मग बाईट. "काय सांगाल, ऊन कसंय यंदा?" गेली ११ वर्षं मी एकच सांगतो, "यंदा जरा जास्तच आहे." एका वर्षी वळीव पडून हवा गार झाली होती, तर मी भोळेपणानं तसं सांगून टाकलं. कॅमेरामननं कॅमेरा खाली घेतला. "असं नको ओ मालक. जरा घाम पुसत बोला." घाम कुठून आणू? बर्फाच्या पेटीला गुडघा लावून बसणारा माणूस मी. शेवटी बर्फाचंच पाणी कपाळाला लावलं आणि ते पुसलं. रात्री गावाकडून आईचा फोन, "अरे, ताप आलाय का तुला?"

माझ्यानंतर नंबर गुरुजींचा. निवृत्त आहेत, रोज चारला येतात, एक हाफ घेतात. कॅमेरा दिसला की टोपी सरळ करून ऊस, पित्त आणि ग्रीष्म ऋतू यांवर पाच मिनिटं बोलतात. त्यातलं टीव्हीवर येतं ते एवढंच, "गोड लागतो."

आता तुम्ही म्हणाल, फुकट प्रसिद्धी मिळतेय, तक्रार कसली? तर आमच्या धंद्यात प्रसिद्धीची मूळ अडचण पाटीवर आहे. आम्ही मूळचे पुरंदर तालुक्यातले. बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथांचं ठाणं आहे. आमच्या भागातला माणूस रसवंती टाकायला घराबाहेर पडला, की पाटीवर नाव काय लिहायचं हा प्रश्न त्याला पडतच नाही. कानिफनाथ, नाहीतर नवनाथ. महाराष्ट्रात कुठल्याही स्टँडवर उतरा, नाथ हजर. भक्ती म्हणून हे फार चांगलं आहे, पण जाहिरात म्हणून विचाराल तर बोंब.

एका उन्हाळ्यात मी हौसेनं लोकल केबलवर पट्टी दिली होती. 'आलं-लिंबू घातलेला थंडगार ताजा रस, कानिफनाथ रसवंती गृह.' शब्दावर पैसे होते, म्हणून पत्ता गाळला. सोलापुरात आपल्याला कोण ओळखत नाही, असा त्या वेळी माझा समज होता. आठ दिवस पिक्चरमधल्या हिरोच्या पायाखालून माझी पट्टी सरकत होती आणि मी ती बघायला रोज तोच पिक्चर बघत होतो. नवव्या दिवशी स्टँडजवळचा कानिफनाथ पेढ्यांचा पुडा घेऊन आला. आमच्या भावकीतलाच आहे. म्हणाला, "दादा, धंदा दीडपट झाला बघ. पट्टी झकास होती. पुढच्या महिन्यात पण देणारायस ना?" पेढे चांगले होते, हे कबूल केलं पाहिजे.

टीव्हीवर जाऊन उपयोग नाही म्हटल्यावर मी टीव्हीलाच दुकानात आणला. २ एप्रिल २०११, वर्ल्डकपची फायनल, दुपारी अडीचला सुरू. ऐन रसाची वेळ. मी भिंतीवर टीव्ही ठोकला, पाच बाकडी भाड्यानं आणली. दुकानात पाय ठेवायला जागा नाही! श्रीलंकेच्या २७४ धावा होईपर्यंत प्रत्येकानं काय घेतलं, तर एक हाफ. रसाचं पाणी झालं, पाण्याचं कोमट पाणी झालं, पण ग्लास कुणी सोडेना. ग्लास ठेवला की उठावं लागेल ना. त्यात प्रत्येक षटक संपलं की पडद्यावर बाटलीतलं थंड पेय फसफसत यायचं. पुढच्या बाकड्यावर एक चार-पाच वर्षांचं पोरगं होतं, हातात माझा रस, ओठावर फेसाची मिशी. ते बोट दाखवून बापाला म्हणालं, "पप्पा, ते पायजे." बाप उठला, शेजारच्या दुकानातून बाटली घेऊन आला आणि माझ्याच बाकड्यावर बसून पोराला पाजली. वीज माझी, भिंत माझी, गिऱ्हाईक त्या कंपनीचं. रात्री धोनीनं षटकार मारला तेव्हा सगळे एकदम नाचले आणि भाड्याचं एक बाकडं मोडलं. देश जिंकला म्हणून मी काही बोललो नाही.

पण खरा कहर पुढंच होता. २०१८ साली, खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा करून विकायचा, असा नियम आला. त्या सुमारास एका चॅनलनं 'सावधान! तुमच्या ग्लासात काय आहे?' छापाचा कार्यक्रम केला. त्यांच्याकडं रसवंतीची चित्रं कोणती? तर मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडं घेतलेली! बर्फ फोडणारा मी, हसणारा मी, आणि माझ्या भोवती लाल रंगाचं वर्तुळ. कोपऱ्यात 'संग्रहित' लिहिलं होतं, पण ते वाचायला भिंग लागलं असतं. माझा बर्फ पांढरा, पावतीसकट. घरात सुतक पडलं. बायको म्हणाली, "उद्या दुकान उघडू नका."

उघडलं. सकाळी दहालाच रांग! "मालक, काल टीव्हीवर होता की!" म्हणे सलूनमध्ये पाहिलं. सलूनमधला टीव्ही कायम मुका असतो, वर गाणी लावलेली. कुणीच काही ऐकलेलं नव्हतं. एकानं तर विचारलं, "ते लाल गोल कशाचं, बक्षीस मिळालं काय?" मी म्हटलं, "तसंच काहीतरी."

यंदा लाइव्ह होतं. घुंगरं बंद करायची म्हणजे चरकच बंद करायचा. वडिलांच्या वेळी लाकडी चरक होता, तो बैल ओढायचा आणि घुंगरमाळ बैलाच्या गळ्यात असायची. पुढं बैल जाऊन मोटर आली, घुंगरं तेवढी चाकावर राहिली. वळणावरच्या माणसाला ती ऐकू येतात आणि त्याला तहान लागते. तर चरक बंद, माझ्या शर्टाला माइक, कानात बोंडूक, आणि तेवढ्यात मुंबईत कुणीतरी पक्ष सोडला. आम्ही २२ मिनिटं नुसते उभे. स्कूटरी हळू व्हायच्या, "बंदाय काय?" विचारायच्या, आणि प्रतिनिधी मला 'हलू नका' अशी खूण करायचा. गिऱ्हाइकं पुढच्या कानिफनाथाकडं.

शेवटी स्टुडिओतल्या ताईंचा आवाज कानात आला, "आपण बघतोय, एवढ्या कडक उन्हातही रसवंतीगृहात अक्षरशः शुकशुकाट आहे. काय कारण वाटतं?"

मी म्हटलं, "यंदा जरा जास्तच आहे."

संध्याकाळी प्रतिनिधीचा फोन. "मालक, रात्रीच्या बातमीला फील येत नाहीये. तो घुंगरांचा आवाज असतो ना तुमच्याकडं, तेवढा रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाका की." मी मोबाइल चरकाजवळ धरला, दोन मोळ्या ऊस घातला, चांगला मिनिटभराचा आवाज पाठवला.

पाच मिनिटांत उत्तर आलं, 'मागे टीव्ही चालू आहे. तो बंद करून परत पाठवा.'