चारच भोकं?

टाके काढायला गेलो होतो. बाकड्यावर नंबराची वाट बघत बसल्या बसल्याच माझी लायकी निघाली.

शेजारी एक आजोबा. ओळख ना पाळख, थेट प्रश्न, "काय काढलंय?"

"पित्ताशय."

"बघू."

का कोण जाणे, मी शर्ट वर केला. ऑपरेशन झालेल्या माणसाची लाज तो मागून उघडा गाऊन घातला तेव्हाच गेलेली असते. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले, बोटाने मोजलं. "चारच भोकं?" मग स्वतःचा सदरा उचलला. उजव्या बरगडीखाली तिरका, चांगला वीतभर व्रण. "ह्याला म्हणतात ऑपरेशन!" समोरच्या दोन बायकांनी माना डोलावल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आतून तेवढंच कापतात हो," मी म्हणालो.

"आतलं कोणाला दिसतंय? आणि उगवतं की परत!"

"ते यकृत. पित्ताशय नाही उगवत."

"शेजारी शेजारीच तर असतात."

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं तर यकृतसुद्धा उगवत नाहीच. कापलेला भाग गेला तो गेला. उरलेला फुगत जातो आणि काही महिन्यांत जवळपास मूळ आकाराला येतो. एक भाऊ वेगळा निघाल्यावर दुसऱ्याने सगळं अंगावर घ्यावं, तसं. एक मूत्रपिंड काढलं तर दुसरंही असंच वाढतं. आजोबांनी मध्येच पालीचं शेपूट काढलं. त्या नव्या शेपटात मणके नसतात, नुसती कूर्चेची नळी असते, हे मी सांगितलं. "पालीची काही तक्रार आहे का?" ते म्हणाले.

पालीची नसेल, माझी आहे. जखमेत शरीर आधी घाईघाईने कोलॅजन नावाच्या प्रथिनाची ठिगळं लावतं आणि मग वर्षभर तीच उसवून पुन्हा नीट विणत बसतं. एवढं करूनही व्रणाची ताकद मूळ कातडीच्या फार तर ८० टक्के. स्पर्श कळवणारी कापलेली नस परत वाढताना दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर सरकते. माझी बेंबीच्या डावीकडची दोन बोटं जागा बधिर आहे. तिथे खाज सुटते, पण खाजवलेलं कळत नाही. हे कोणाला दाखवणार? ऑफिसातून मात्र आठव्या दिवशी फोन, "टाके निघाले ना? मग सोमवारपासून या." घरीही तेच. माळ्यावरच्या बॅगेकडे सूचकपणे बघणं सुरू झालंय. वीतभर व्रण असता तर बॅग वरच राहिली असती.

नंबर आला. आत नर्सबाईंनी कोणाशी तरी फोनवर बोलता बोलता चार टाके कापले. दोन मिनिटंही लागली नाहीत.

बाहेर आलो तर आजोबा तिथेच. "झालं पण?" त्यांनी बायकांकडे बघितलं. "माझे सतरा होते."