दुपारी तुटणाऱ्या इंटरनेटबाबतच्या आपल्या तक्रारीस उत्तर

महोदया, सप्रेम नमस्कार.

घरचे केबल इंटरनेट रोज दुपारी बारा ते चारच्या दरम्यान तुटते, दोनदा मोडेम बदलूनही फरक पडला नाही आणि दर वेळी "दोष तुमच्या वाय-फायचा" असे सांगून आमचा माणूस निघून गेला, असे आपण लिहिले आहे. ते खरे आहे. लाइनवरचा सिग्नल न मोजता मोडेम बदलण्याची सवय मीच चालू दिली, म्हणून ही चूक माझी आहे.

शनिवारी मी स्वतः दुपारी दोन वाजता, म्हणजे बिघाडाच्या वेळीच आलो. लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला जोडूनही जोडणी तुटली, तेव्हा वाय-फायचा प्रश्न तिथेच मिटला. १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर मोडेमची माहिती दिसते. तिथे परतीच्या सिग्नलची (मोडेमकडून आमच्याकडे येणाऱ्या सिग्नलची) पातळी ५० डीबीएमव्हीच्या (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) पुढे, म्हणजे फारच वर गेलेली होती. वाटेत सिग्नल गळू लागला की मोडेम आपला आवाज, म्हणजे सिग्नलची ताकद, चढवत राहतो आणि त्याची मर्यादा संपली की संपर्क सोडून पहिल्यापासून जुळणी सुरू करतो. आपल्याला दिसणारे लुकलुकणारे दिवे त्याचेच.

दोष गच्चीवर सापडला. पूर्वीच्या टीव्ही जोडण्यांसाठी आम्हीच लावलेला चार तोंडांचा स्प्लिटर (एका केबलचे फाटे करणारी डबी) अजून तिथेच होता; त्याची तीन तोंडे रिकामी असूनही तो साधारण ७ डेसिबल सिग्नल खात होता. शिवाय त्याचा कनेक्टर सैल होता आणि टिनाच्या शेडला लागून भर उन्हात होता. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला की तापून त्याची पकड सुटत असे आणि ऊन उतरल्यावर पुन्हा बसत असे. सकाळी येणाऱ्या आमच्या माणसाला सारे ठीक दिसत असे, ते यामुळेच.

स्प्लिटर काढला आहे, कनेक्टर नवा बसवला आहे. मागच्या खोलीत वेग कमी मिळतो, ते मात्र खरोखर वाय-फायचे आहे: राउटर कूलरच्या मागे आहे, आणि पत्रा व पाणी दोन्ही लहरी अडवतात. तो उंचावर, मोकळ्या जागी ठेवावा.

बंद राहिलेल्या दिवसांचे पैसे पुढील बिलातून वजा होतील. यापुढे सिग्नल मोजणाऱ्या मीटरवरचे आकडे तक्रारीच्या नोंदीत लिहिल्याशिवाय आमचा कोणीही मोडेम बदलणार नाही. पहिला पाऊस झाला की गच्चीवरच्या जोडात पाणी शिरले नाही ना, हे पाहायला मी पुन्हा येईन.